ओटा नसलेली इमारत

आमच्या पेठेतल्या गल्लीत मी आराखडा काढलेली चार मजली इमारत उभी राहिली. बारा कुटुंबांची असूनही ती परकी दिसू नये म्हणून मी शेजारच्या खिडक्यांची मापं घेतली होती, कठड्यांची नक्षीसुद्धा उतरवून घेतली होती. "गल्लीतलीच वाटते," असं लोक म्हणाले आणि मी सुखावलो.

परवा सकाळी भाजीवाल्या मावशी डोक्यावर भरलेली पाटी घेऊन या इमारतीच्या दारात आल्या. जरा वेळ इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "दादा, हात लावता का? इथं टेकवायला काहीच नाही."

मी पाटी उतरवली. चांगलीच जड होती.

शेजारच्या प्रत्येक घराला पायऱ्या चढून जायचा, रस्त्यावरून छातीइतका उंच ओटा आहे. मावशी किंचित वाकतात आणि पाटी अलगद त्यावर सरकवतात. हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी ओट्यावर बसायला आता वेळ कुणाला, म्हणून मी इमारतीत ओट्याच्या जागी गाड्या लावायची सोय केली.

गल्लीत शोभण्याचा विचार मी फक्त डोळ्यांनी केला. ओझं पेलणाऱ्या मानेने केलाच नाही. मावशींना हात मागावा लागेल असं गल्लीत आता एकच घर आहे, आणि ते माझं आहे.