मेलबर्नच्या घरासाठी दारव्ह्याला जाऊन आले

फक्त एक सही करायला कुणी नागपूरहून दारव्ह्याला जातं का? मी गेले. धाकटा भाऊ संदेश मेलबर्नला घर घेत होता. इसार भरून झाला होता. तिथली बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी स्वतःची रक्कम दाखव म्हणत होती. ती रक्कम म्हणजे आमचं दारव्ह्याजवळचं कपाशीचं वावर. वडिलोपार्जित, म्हणून विकायला माझीही संमती हवी. "ताई, तुझ्या हिश्शाचे नंतर देतोच नं," तो फोनवर म्हणाला. नवरा म्हणाला, लिहून घे. मी म्हटलं, सख्ख्या भावाकडून काय लिहून घ्यायचं? मोठी शहाणी मी.

जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी पकडा, नंतर बसायला जागा मिळत नाही. कळंबला भजी गरम मिळाली, चहा अगदीच पाणचट. यवतमाळहून पुढे काळीपिवळी जीप, चाळीस रुपये. जीप गच्च भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. बोंडअळीचं वर्ष होतं. दोन्ही बाजूंना किडकी बोंडं घेऊन पऱ्हाटी उभी होती.

"वेचाची मजुरी निंगत नाही, तं कायले वेचाचा?" शेजारची बाई म्हणाली.

अशा वर्षी वावर विकणं म्हणजे फुंकून टाकणंच. कळत होतं मला, तरी चालले होते.

बाबा रजिस्ट्री ऑफिसच्या पायऱ्यांवर वाट पाहत होते, धुतलेला सदरा घालून. वावर घेणारा कापूस-जिनिंगवालाही आला होता. सौदा अठरा लाखांचा ठरला होता. कागदावर पाहिलं तर सात.

"बाबा, बाकीचे?"

त्यांनी काखेतली पिशवी थोपटली. "नगदी घेतले. इथं असंच चालते. जास्त दाखवून सरकारले कायले देवाचं?"

खरंच असंच चालतं. सगळं दारव्हा असंच विकतं-घेतं. मीही फार डोकं न लावता सही केली, अंगठा दिला आणि संदेशला फोन लावला.

विक्रीपत्रातला आकडा त्याने दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "ताई, पैसा कुठून आला ते इथे कागदानिशी दाखवावं लागतं. विक्रीपत्रात जेवढे, तेवढेच चालतील. अकरा लाख कुठून आले सांगू?"

बाबांनी फोन घेतला. "पैसा तं पैसाच असते नं बाबू. आपण काय चोर आहो का?"

"बाबा, पूर्ण चेकनेच घ्यायचे होते. तुम्ही असं कराल, मला काय माहीत?"

दारव्ह्यात वाढलेला माणूस हे विचारतो. संताप आला मला, त्याचा आणि माझाही. जिनिंगवाल्याला कागद बदलायची विनंती केली, तर तो जीपमध्ये बसता बसता म्हणाला, "झाली आता रजिस्ट्री, ताई."

मुदतीत रक्कम पोचली नाही. घर गेलं, भरलेला इसारही गेला. वावर तर आधीच गेलं होतं. तेव्हा परदेशातल्या घरासाठी गावची जमीन विकणार असाल तर पै न् पै बँकेतून घ्या, सी.ए.ला आधी भेटा आणि म्हाताऱ्यांना नीट बसवून समजावून सांगा. आम्ही यातलं एकही केलं नाही.

घरी परतून महिना झाला असेल, संदेशचा फोन आला. आवाज अगदी हलका. "ताई, इकडचं सोड. ते नगदी घेऊन नागपुरात फ्लॅट बघ ना. तिकडे बिल्डर घेतात नगदी."

माझ्या हिश्शाचं तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. ती रात्र मी नुसती जळफळत काढली, नवऱ्यावर उगाच चिडले आणि रविवारी मानेवाड्याकडे दोन फ्लॅट बघून आले. दुसरा चांगला होता, पूर्वेला गॅलरी. बिल्डरच्या माणसाने वही उघडली आणि विचारलं, "नाव कोणाचं टाकू, ताई?"

मी संदेशचं सांगितलं.