आबाच्या मोजणीत न आलेली लेकरं

आबा आज सकाळी गेले. एक मोजणी चुकली, ते मरेपर्यंत विसरले नाहीत.

फोन आला तेव्हा मी इथे सुरतला सलूनमध्ये एकाची दाढी करत होतो. अर्धी तशीच सोडून बाहेर आलो.

आबा म्हणजे माझे आजोबा. पवनीकडच्या आमच्या गावचे न्हावी. मी पाचवीत शाळा सोडली, मला वस्तरा धरायला त्यांनीच शिकवलं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा जन्म पण झाला नव्हता.
वैनगंगेचा पूर गावात शिरला. तीन माणसं वाहून गेली.
पाणी उतरलं अन हगवण आली, ताप आला. दिवाळीपर्यंत मरणं चालूच.

सरकारी लिस्टमध्ये तीनच.

मग सर्व्हेवाले साहेब आले. पुरापायी खरे किती गेले, त्याचा अंदाज काढायचा होता. कोणालाच धड सांगता येईना.

आबा म्हणाले, "मले विचारा साहेब. दहाव्याले डोकी मीच भादरतो. एरवी पावसाळा ते दिवाळी चार-पाच घरी जातो. औंदा एकोणीस घरी गेलो."

मागून कोणीतरी, "घ्या! पाटील गप, अन न्हावी गावचा हिशेब सांगून राहिला!"

साहेब हसले नाहीत. "म्हणजे चौदा-पंधरा जास्तीचे," म्हणत लिहून घेतलं.

आबा खुशीत घरी आले. आजीनं सगळं ऐकलं.

"अन आपली सुमी?"

सुमी माझी आत्या. दोन वर्षांची. त्याच हगवणीत गेली.

लहान लेकरू गेलं तर आमच्याकडे पुरतात. डोकं कोणी भादरत नाही. म्हणून आबाच्या मोजणीत गावचं एकही लेकरू आलं नाही.
स्वतःचं पण नाही.

दुसऱ्याच दिवशी आबा सायकलनं तालुक्याला गेले. साहेब निघून गेले होते. कचेरीतला बाबू म्हणाला, "फॉर्म गेला नागपूरले. एकदोन पोरांसाठी कायले डोकं खाता?"

"एकदोन नाही ना जी. किती, तेच मले माहीत नाही."

मागच्या दिवाळीत मी म्हटलं, "आबा, चाळीस वर्षं झाली, सोडा ना."
चिडले. "तुले जमते सोडणं. तू कोणत्या दुकानात टिकला?"

खरंच आहे. सात दुकानं सोडली मी.

गावच्या मित्रांनो, त्या साली तुमच्या घरचं लेकरू गेलं असेल तर आजीला विचारून खाली नाव लिहा. नाव ठेवलंच नसेल तर तसं लिहा.

पहिलं मी लिहितो.

सुमी. दोन वर्षं.

आबा, निघा आता. बाकीच्यांचं मी विचारतो.