कौसाकाकूंची जीप आणि माझा फॉर्म

बायांनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. मी सोनपेठकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. बायकांना दर महिन्याला मिळणाऱ्या मदतीची पडताळणी करायला आज शेजारच्या कौसाकाकूंकडे गेले. फॉर्मवर प्रश्न होता, घरात चारचाकी आहे का? असली तर मदत बंद.

आहे. काका गेल्यापासून बंद पडलेली जीप. तिच्यात कोंबड्या बसतात.

काकू म्हणाल्या, "खरं हाय तेच लिही माय. पण पैसे बंद झाले तर बीपीच्या गोळ्या कशानं आणू?"

'नाही' लिहिलं आणि कुणी तक्रार केली, तर माझंच काम जाईल. फॉर्म अजून मोबाईलमध्ये तसाच आहे.

निघताना काकूंनी नेहमीसारखी चार अंडी पुढं केली. आज पहिल्यांदा ती लाचेसारखी वाटली, घ्यायला हात धजेना.

मदत सगळ्यांनाच सरसकट असती, तर ती अंडी घेतली असती ना मी?