यादीबाहेरचा गोलकीपर

आमच्या हॉकी लीगमध्ये नवा संघ येतोय. जुन्या संघांनी राखायच्या खेळाडूंची यादी द्यायची, उरलेल्यांतून नवा संघ हवा तो उचलणार. पगाराची मर्यादा सांभाळायला संघाचा व्यवस्थापक म्हणून मी यादीतून सर्वांत महागडं नाव वगळलं, आमचे गोलकीपर दत्ताभाऊ.

संध्याकाळी जाळीमागून पाहिलं, रिकाम्या मैदानात ते गोलसमोर एकटेच उभे. नेहमीप्रमाणे त्यांनी मागे न बघता स्टिकने डावा खांब हलकेच ठोकला, मग उजवा. आपली जागा आहे ना, हे बघायची गोलकीपरची ही रीत. झोपेत कूस बदलताना आपणही असाच हात लांबवून शेजारचं माणूस चाचपतो. मऊ उन्हात तो आवाज तरंगत राहिला.

"यादी दिलीत, साहेब?" त्यांनी न वळताच विचारलं.

"दिली, दत्ताभाऊ."

त्यांनी दोन्ही खांब पुन्हा ठोकून पाहिले.