तक्रारीच्या सात प्रती

कर्वेनगरात कॉम्प्युटरच्या केबली आणि प्रिंटर विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठलीही केबल हातात आली, की त्या सुई ओवताना करतात तसे डोळे बारीक करून आधी तिचं टोक बघतात आणि मग गिऱ्हाइकाचं तोंड.

त्यांच्याकडून घेतलेल्या प्रिंटरने आठवडाभरात एक अक्षर छापलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे चूक माझी असणं शक्यच नव्हतं. शेवटी लॅपटॉप आणि प्रिंटर, केबल जोडलेलीच ठेवून, रिक्षाने दुकानात नेले आणि आवाज चढवला.

बाईंनी लॅपटॉपमधली केबल उपसली. "अहो सर, ही इंटरनेटच्या वायरीची जागा आहे."

"पण चांगली घट्ट बसली होती!"

"माझा चष्माही तुमच्या नाकावर घट्ट बसेल. दिसणार आहे का?"

त्यांनी केबल शेजारच्या खाचेत लावून प्रिंटर सुरू केला. लॅपटॉपमध्ये आठवडाभर खोळंबलेली पानं भराभर छापून बाहेर आली. ते बाईंनाच लिहिलेलं माझं तक्रारपत्र होतं: 'आपण सदोष प्रिंटर माझ्या गळ्यात मारला आहे.' मी सात वेळा बटण दाबलं होतं, म्हणून सात प्रती.

बाईंनी एक प्रत शांतपणे वाचली आणि पेन पुढे केलं.

"सही राहिलीये, सर. करा, म्हणजे पोच देते."