मावशींसाठी दाबलेले चेहरे

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ते ॲप आलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला, की पलीकडून ते बघतं कोण? शिकवायला परभणीहून आलेल्या मुलीला मी तो विचारलाही. ती म्हणाली, "कुणीच नाही, मॅडम. तुमचं उत्तर तुमच्याच फोनमध्ये राहतं. भरलं की नाही, एवढंच आम्हाला कळतं." मला पटलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणीच न बघणारी नोंद मी कधी केलेली नव्हती.

ॲप साधं होतं. कर्मचाऱ्यांचं मन ठीक राहावं म्हणून दर सोमवारी सात प्रश्न. झोप, भूक, चिडचिड, कामावर यावंसं वाटतं का, असले. उत्तराला पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी प्रसूती विभागाची इन्चार्ज सिस्टर, त्यामुळे सगळ्यांकडून भरून घेणं माझ्याकडे आलं.

आमच्या मावशींकडे बटणांचा फोन. लेबर रूममध्ये बाळ पुसायचं, गुंडाळायचं आणि बाहेर नेऊन नातेवाइकांच्या हातात द्यायचं, हे बारा वर्षं त्यांचंच काम. बाळाचं तोंड पहिल्यांदा त्या दाखवतात, म्हणून पहिला पेढाही त्यांचा. त्यांचं खातं मी माझ्या फोनवर उघडलं आणि विचारायला गेले, तर त्या फरशी पुसत होत्या.

"तुमीच दाबा ना सिस्टर. मला काय कळतंय त्यातलं."

मी दाबलं. सातही वेळा हसरा. दुसऱ्या सोमवारपासून विचारायलाही गेले नाही.

नव्या मुली थर्मामीटर न लावता अख्ख्या वॉर्डाच्या तक्त्यांवर ९८.६ लिहून मोकळ्या होतात, आणि मी त्यांना फैलावर घेते. मावशींचे चेहरे दाबताना मात्र हे मला आठवलं नाही.

तीनेक महिन्यांनी मावशींनी माझ्या टेबलावर अर्ज ठेवला. लेबर रूम नको, ओपीडीत काम द्या. स्वतःच्या मुलीकडून लिहून घेतलेला, अक्षर स्वच्छ, कारण एकाच शब्दात: घरगुती. अधीक्षक साहेबांकडे जाण्याआधी त्यावर माझा शेरा लागतो. मावशींना सोडायची माझी तयारी नव्हती. मी फोन काढून त्यांचा आलेख दाखवला.

"हे बघा, सगळं हिरवं आहे तुमचं. कशाला जाता?"

मावशींनी फोन लांब धरून पाहिला. "हे माझं हाय?"

"तुमचंच."

"लय चांगलं चाललंय की माझं. पण सिस्टर, हे तर तुमीच दाबलं."

आधी राग आला. मग वाटलं, खरी उत्तरं भरली तर हा आलेख दिसेल तरी कसा? मी स्टूल ओढलं. "बसा. आता विचारते."

"झोप?"

"लागती. पण मोडती मधीच."

"भूक?"

"भूक कुठं जायलीय? ती हाय की."

"कामाची भीती वाटते का?"

"बाळ धरताना हात कापायलेत," त्या म्हणाल्या. "मागं ते गेलेलं बाळ झालं होतं ना, ते मीच घेऊन गेले बाहेर. आजीनं घेतलंच न्हाई. म्हनली, तुझ्या हाताला गुण न्हाई. मी तशीच उभी, बाळ घेऊन. आता रडतं बाळ असलं तरी दाराकडं पाय उचलंना."

दोन महिने बाळं बाहेर शिकाऊ मुली नेत होत्या, हे मी पाहिलं होतं. "मावशी, पेढ्यांचा कंटाळा आला वाटतं," असा टोमणाही मारला होता.

"असलं बाळ नेताना तुमच्याबरोबर कोण येतं?"

"कोण येणार? डॉक्टर सांगून आत जातात. तुमी पेशंटपाशी."

बारा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. कागदावर कुठेच नाही, पण जिवंत असो की नसो, बाळ मावशींनीच न्यायचं, अशी आमची पद्धतच होती.

चेहरे या वेळी त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबले. भुकेचा एक सोडला तर सगळे रडके. ॲपने लगेच सल्ला दिला: जवळच्या व्यक्तीशी बोला. मी वाचून दाखवला.

"तेच तर करायलोत," मावशी म्हणाल्या.

खाली समुपदेशकाचा नंबर होता. तो मी त्यांच्या फोनात घालून दिला. त्यांनी लावला की नाही, विचारलं नाही. अर्जावर शिफारस लिहिली आणि स्वतः साहेबांकडे घेऊन गेले.

"मग लेबर रूमला कोण?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्या मावशी, महिन्याच्या पाळीने. आणि गेलेलं बाळ यापुढे सिस्टर नेईल, मावशी बरोबर असेल."

"सिस्टर तयार होतील?"

"पहिली मी जाते."

पुढच्याच महिन्यात ती वेळ आली. लेबर रूमच्या दारापासून नातेवाइकांच्या बाकापर्यंत बावीस पावलं आहेत. इतकी वर्षं तिथे काम करून हे मला माहीत नव्हतं.

आता मावशी ओपीडीत केसपेपरची रांग सांभाळतात. परवाच्या सोमवारी फोन घेऊन गेले, तेव्हा त्या मध्ये घुसणाऱ्या एका दादाला मागे पाठवत होत्या.

"कोणता दाबू?"

"मधला."

"हसरा का नाही?"

"टाचा दुखायल्यात. अन् ही माणसं सकाळपसून भांडायलीत. मधलाच दाबा."

मी मधला दाबला.