दोन वर्षांनी येणारे बूट

दूर दक्षिण समुद्रातल्या सावाई बेटाच्या त्या अंगाला लोसिवाले बोलायला उभी राहिली, की भले भले लुंग्या सावरून बसतात. बाई चाळिशी ओलांडलेली, अंगानं ओंडक्यासारखी, आणि आवाज असा की झाडावरची वटवाघळं दिवसा उठावीत. गावच्या बायकांच्या मंडळात बोलायचा मान तिचा. पाद्र्यानं देवळात मोठे भोंगे लावायचे म्हणून घरटी डुक्कर मागितलं, तेव्हा हिनंच उभं राहून विचारलं, "कमी ऐकू येतंय ते देवाला, का तुम्हाला?" पण हे विचारायच्या आधी तिनं गावातल्या एकूण एक घराण्याला, नावानिशी, मानानं, ठरलेल्या क्रमानं सलाम घातला होता. त्यामुळं तिला कुणी खाली बसवू शकलं नाही. तिथली रीतच तशी. सलाम नीट घातला, की पुढचं ऐकून घ्यावं लागतं. मग ते कितीही झोंबो.

हे ती कुठं शिकली, ते सांगायचं तर तिच्या रागापासून सुरुवात करावी लागेल. आधी राग आला. बोलणं मागाहून आलं.

तेव्हा ती दहा वर्षांची होती, सगळ्यांची नुसती लोसी, आणि ऑकलंडला राहत होती. तिची आई मेलेसेते रात्री कोंबड्या कापायच्या कारखान्यात उभी, सकाळी कचेऱ्या झाडायला. घरात पोरीला बोलायला भिंत. शाळेत एका पोरानं हिच्या डब्यातल्या तारोच्या कंदाच्या फोडीला साबण म्हटलं, तर हिनं ती फोड त्याच्याच तोंडात कोंबली. नंतर आणखी एकाला चावली. शाळेनं पुन्हा आईला बोलावून घेतलं, आणि त्याच आठवड्यात आई एकाएकी गोड बोलायला लागली.

"सुट्टीला जातेस का गं मामाकडे? तीनच आठवडे. समुद्र आहे, डुकराची पिल्लं आहेत."

पोर हरखून गेली. तीन आठवडे पिल्लांच्या मागं पळाली. मग एक दिवस मामी तिच्या खांद्याला दोरी लावून माप घ्यायला लागली.

"कशाला?"

"शाळंचा झगा शिवाया नको?"

"पण मी तर चाललेय. सुट्टी संपली."

मामी तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसली. एतेउआती मामा, देवळात पाद्र्याच्या हाताखालचा डीकन, मान ताठ, पोट त्याहून ताठ, नारळ सोलत बसला होता. त्यानं वर न बघता सांगितलं, "मोठ्या माणसास्नी तोंड वर करून इचारायचं नसतं."

झालं. एवढाच उलगडा. अख्ख्या घराला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पाद्र्याच्या कुत्र्यालाही ठाऊक असावं. ठाऊक नव्हतं ते फक्त जिला राहायचं होतं तिला. आणि यात कुणाला काही वाईट केल्यासारखं वाटत नव्हतं. पोराला फसवून बोटीत बसवणं म्हणजे जसं काही डुकराला पिंजऱ्यात घालायला पुढं खोबरं टाकणं.

लोसी रागानं बोलेनाशी झाली. पहाटे अंगणातली पानं झाडायची, चुलीचे दगड तापवायचे, मोठ्यांची जेवणं होईपर्यंत पंख्यानं माश्या वारायच्या, आणि मग उरलेलं खायचं. शाळेतली पोरं तिच्या मोडक्या बोलण्याची नक्कल करायची. ऑकलंडहून निम्मी वाट विमानानं आणि पुढची बोटीनं आलेली, म्हणून तिचं नावच पडलं 'विमानातली'. "ए विमानातली, तुझं विमान पंक्चर झालं काय?"

एका संध्याकाळी तिनं पिशवी भरली आणि धक्क्याची वाट धरली. वेळ निवडली ती नेमकी प्रार्थनेची, कारण तेव्हा मामा डोळे मिटून असायचा. तिला एवढं कळलं नव्हतं, की शंख वाजल्यावर गावच्या रस्त्यावर कुणी पाय टाकायचा नसतो. वळणावर काठ्या घेतलेले बाप्ये उभे असतात, आणि सापडलेल्याच्या घराला दंड बसतो. ती भर रस्त्यानं पिशवी हलवत चालली होती. तेवढ्यात एका घराच्या चटईच्या पडद्याआडून एक हात आला आणि केसांना धरून तिला आत ओढून घेऊन गेला.

"मेलीस का काय गं! बस खाली. शंख झालाय न्हवं!"

हात साउफोई म्हातारीचा होता. ही बारीक चटया विणणारी, गावातली सगळ्यात फाटक्या तोंडाची विधवा. आत दिवा होता, दिव्यापुढं बायबल उघडं होतं, आणि बायबलाच्या शेजारी पत्त्यांचा डाव मांडला होता. पलीकडं पोउवी म्हातारा बसला होता. साउफोईचा धाकटा दीर. कधीकाळी गावचा वक्ता होता. पण एका मयतात तो भरभरून बोलला आणि मेलेल्याला सोडून शेजारी बसलेल्या जित्या माणसाचेच गुण गायला. त्या दिवशी त्याच्या हातातली वक्त्याची काठी पुतण्याकडं गेली. आता तो अंगणात वाळत घातलेल्या कोकोच्या बियांवरच्या कोंबड्या हाकायचा.

"कोण ही, वैनी?"

"एतेउआतीची भाची. विमानातली."

"आता हो, वैनी? हिनं पत्तं बघितलं की."

लोसीला बऱ्याच दिवसांनी तोंड फुटलं. "मी सगळ्यांना सांगणार!"

"सांग की," पोउवी म्हणाला. "मग मीबी सांगतो, तू शंखामागनं रस्त्यानं हिंडत हुतीस. तुज्या मामाला दंड बसंल. ती गाभण डुकरीण हाय का, ती जाईल."

लोसीनं मामाचा चेहरा डोळ्यांपुढं आणला. डुकरीण दावणीतून चाललीय आणि मामा बघतोय. "जाऊ दे," ती म्हणाली. "पिल्लांसकट जाऊ दे."

साउफोई इतकी हसली की वरची कवळी चटईवर पडली. ती उचलून, फुंकून परत बसवत ती म्हणाली, "भावजी, ही आपल्यातली हाय. वाटा पत्तं."

अशी सोबत जमली. दुपारी मामा घोरायला लागला की लोसी तिकडं पळायची. म्हातारी विणायची, म्हातारा कोंबड्यांना शिव्या द्यायचा, आणि मधल्या वेळात तिघं एकमेकांना पत्त्यांत फसवायचे. लोसी फसवण्यात लवकरच दोघांच्या पुढं गेली.

"ही एक्का कुटनं काढती हो वैनी सारखा?"

"तुमच्या मांडीखालनं, भावजी. तुमी ठेवता तितनंच."

एक दिवस ती पत्ते फेकून उठली. "मला मामावर ओरडायचंय. सगळ्यांच्या पुढं. मला आईवर ओरडायचंय."

"वरडलीस तर काय हुईल?" पोउवीनं विचारलं.

"मारेल."

"मारंल, आणि ऐकायचाबी न्हाई. दोन्हीकडनं तोटा. वरडायचं नसतंय, पोरी. आदी सलाम घालायचा. कुटलं घराणं पयलं, कुटलं मागनं, कुणाला काय मान, समदं बरोबर घ्यायचं. एक नाव चुकलं, की बस खाली म्हणत्यात. न चुकता झालं, तर मग शिवी दे. बसून ऐकत्यात बघ."

"शिकवा मला."

"पोरीबाळीचं काम न्हवं ते."

"मग तुमच्यासारख्या कोंबड्या हाकणाऱ्याचं आहे?"

म्हातारा तांबडालाल झाला. विणता विणता साउफोई नुसतीच खूं खूं करत राहिली. दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली.

नावं लांबलचक, जुनी, जिभेला न वळणारी. लोसीच्या डोक्यात काही राहीना. तेव्हा साउफोईनं आपली रीत काढली. प्रत्येक मानाच्या नावाला तिनं त्या घरची एक भानगड चिकटवली. "पयलं कोण? ज्याचा आज्जा संडासात पडला हुता, त्यो. दुसरं? ज्येनं पाद्र्याच्या बायकूला कलिंगडं दिली, आणि नुसती कलिंगडंच दिली असं सांगतोय, त्यो."

"वैनी, मानाची नावं हायती ती!"

"मानच सांगतीया की मी."

पोरीच्या डोक्यात सगळं गाव क्रमानं बसलं, ते असं.

ऑक्टोबरात पांढरा रविवार आला. त्या दिवशी देवळात पोरं बोलतात आणि मोठी माणसं गप बसतात. घरी मोठी वाढतात आणि पोरं आधी जेवतात. वर्षातला हा एकच दिवस. पोरापोरींना पाठ करायला बायबलातली वचनं वाटली, आणि पाद्रीणबाईनं लोसीला दिलं दोन शब्दांचं. तीन वर्षांच्या, नाक पुसता न येणाऱ्या पोरांना देतात ते. "हिला एवढंच झेपंल," मामानं सगळ्यांसमोर सांगितलं. पोरं फिदीफिदी हसली. लोसीनं दात आवळले ते घरी येईपर्यंत सोडले नाहीत.

पण शनिवारच्या बोटीनं आई आली! बीफच्या डब्यांचं खोकं, सगळ्यांना टॉवेल, लोसीला पांढरा झगा. लोसी तिच्या कमरेला मिठी मारून तशीच लोंबकळत राहिली. नेणार. आता नेणार.

"आपण कधी जायचं?"

"बघू गं. आधी हे घालून बघ." आईनं कागदातून काळे चकचकीत बूट काढले. लोसीनं पाय घातला. पाय आत गेला आणि आतच फिरला. पुढं अंगठ्यापाशी मूठभर जागा.

"मोठे आहेत."

"असू देत. वाढशील की. दोन वर्षं तरी बघायला नको." आईनं बुटाच्या टोकात कागदाचे बोळे कोंबले. कोंबताना ती पोरीकडं बघत नव्हती.

लोसीनं मिठी सोडली ती तेव्हा.

रविवारी देऊळ गच्च भरलं. सगळं पांढरंशुभ्र. पोरं एकेक करून पुढं यायची, वचन म्हणायची, आया रडायच्या. लोसीची पाळी एका शेंबड्या पोराच्या मागून आली. तिच्या बुटांचा फटक फटक आवाज सगळ्या देवळानं ऐकला. पुढच्या बाकावर आई, तिच्याशेजारी मामा. सगळ्यात मागं दारापाशी पोउवी आणि साउफोई.

ती वचन म्हणाली नाही. तिनं पहिल्या घराण्याला सलाम घातला.

पाद्रीणबाई अर्धी उठली. लोसी दुसऱ्या नावावर गेली, तिसऱ्या नावावर गेली. एकेका मताईचं, म्हणजे घराण्याच्या कर्त्याचं, नाव आलं तसा तो आपसूक सरळ बसायला लागला, कारण आपला मान घेतला जात असताना वाकडं बसायचं नसतं. मामा दात खाऊन "बस खाली" म्हणत होता. पण मागून पोउवीनं खणखणीत आवाजात "मालिए!" अशी वक्त्याला देतात ती दाद दिली, आणि सवयीनं पाचपन्नास तोंडांतून तीच दाद निघाली. आता कुणाची छाती होती थांबवायची? लोसीनं शेवटी पाद्र्याचा मान घेतला, मामाच्या घराण्याचाही न चुकता घेतला, आणि वाकून दोन्ही बूट काढून पुढच्या टेबलावर ठेवले.

"हे बूट मला दोन वर्षांनी येतील. म्हणजे दोन वर्षं मी इथं आहे. हे मला आईनं सांगितलं नाही, मामानं सांगितलं नाही. बुटांनी सांगितलं. मला सांगितलं होतं, तीन आठवडे, सुट्टी. तुम्हा सगळ्यांना खरं माहीत होतं. तुम्ही मला विचारत होतात, मजा आहे ना? मी वाईट पोरगी आहे, मी चावते. पण मी खोटं बोलून कुणाला बोटीत बसवलं नाही. मला ठेवायचं तर ठेवा, मारायचं तर मारा. पण आधी तोंडावर सांगा."

मग तिनं आपल्या वाटचं ते दोन शब्दांचं वचन स्पष्ट म्हटलं, आणि अनवाणी जागेवर जाऊन बसली. मागं साउफोईची कवळी पुन्हा पडल्याचा आवाज आला.

घरी गेल्यावर पानं मांडली. दिवस कुठला? पांढरा रविवार. वाढायचं कुणी? मोठ्यांनी. एतेउआती मामा भाजलेल्या डुकराचं ताट घेऊन आला. रागानं तो पाय इतके आपटत होता की रस्सा चटईवर सांडत आला. त्यानं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि दातांतून म्हणाला, "उद्या सोमवार हाय."

"माहीत आहे," लोसी म्हणाली. "मीठ आणा."

त्यानं मीठ आणून दिलं.

मग आई आली. तारोची परात हातात, डोळे सुजलेले. ती समोर बसली आणि इतक्या वर्षांत ऑकलंडला लावून घेतलेलं शहरी बोलणं तिच्या तोंडून गळून पडलं.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "तू मला झेपत न्हवतीस. दोन कामं, खोलीचं भाडं, आन तू रोज कुणाला तरी मारून याचीस. मला भ्या वाटायचं घरला यायचं. खरं सांगितलं असतं तर तू बोटीत चढली नसतीस, म्हणून न्हाई सांगितलं."

"चढले नसतेच."

"रागावलीस?"

"हो."

"आजून?"

"अजून. तारो वाढ."

सोमवारी मार बसला. तो बसायचाच होता. साउफोईनं पाठीला नारळाचं तेल चोळत मामाच्या सात पिढ्या काढल्या, त्यासुद्धा मानाच्या क्रमानं.

बुधवारी आईची बोट होती. लोसी धक्क्यापर्यंत गेली. अनवाणी. बूट घरी माळ्यावर टाकून दिले होते, येतील तेव्हा बघू म्हणून. सोबत दोघं म्हातारे, पोउवीच्या कमरेला पत्त्यांची डबी खोचलेली. भोंगा झाला. आईनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सवयीनं तेच गोड बोलणं सुरू केलं, "रडायचं नाही हं. मी तुला लवकरच ने..."

लोसीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. डोळे कोरडे, कपाळाला आठी.

मेलेसेतेनं तोंड मिटलं. मागं खलाशी दोर सोडत होते.

"न्हाई म्हाईत गं," ती म्हणाली. "कवा नेईन ते मला म्हाईत न्हाई."

"बरं," लोसी म्हणाली, आणि आईची पिशवी उचलून बोटीच्या फळीपर्यंत नेऊन दिली.